नव्वदाच्या खालची भिंत

मी गोधडी बोलतेय. पांघरायची नव्हे, मोजायची गोधडी. मला अंगावर घेऊन आजवर कोणी झोपलं नाही. एकदा एक बाई माझ्यावर दोन तास बसून होत्या, पण ते पुढं सांगते.

मला वाचता येत नाही. अंगावर आकडे आहेत म्हणून कोणी शहाणं होत नसतं, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ मुख्याध्यापक झालं असतं. पण माझी आठवण पक्की आहे. कापड काही विसरत नाही. डाग कुठला तेही सांगतं आणि कोणी पाडला तेही.

माझा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरातला. टर्टल फोर्क हे आमचं गाव मोठ्या नदीच्या खोऱ्यात आहे. चारी अंगांना कापसाची रानं, मधे एक पेट्रोल पंप, तीन चर्च आणि एक शाळा. त्या शाळेत ओझेला पिकन्स एकतीस वर्षं रांधत होती. सोमवारी राजमा-भात, शुक्रवारी तळलेला मासा, आणि रोज मक्याचा पाव. सगळी शाळा तिला ओझेला आजी म्हणायची. आजी स्वतः तिसरीच्या पुढं गेली नव्हती, आणि ती तिसरीसुद्धा कापूस वेचून उरलेल्या महिन्यांची.

आजीची नात रेनिटा शिकून आली आणि त्याच शाळेत तिसरीची बाई झाली. पहिल्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरात येऊन डोकं धरून बसली.

"आजी, पोरांना शंभरपर्यंत धड मोजता येत नाही गं. भिंतीवर छापील तक्ता आहे, पण त्याच्याकडं कोणी ढुंकून बघत नाही."

"कशाला बघतील?" आजी कणीक थापटत म्हणाली. "त्या कागदाला कोणाच्या घरचा वास येतो?"

दुसऱ्या दिवशी ताटं वाढता वाढता आजीनं प्रत्येक पोराला सांगितलं, घरनं एक जुनं कापड आण. फाटकं चालेल, परकं चालणार नाही.

आणि कापडं आली. कोणाच्या बापाची गिरणीतली निळी डगली, कोणाच्या आत्याचा चर्चमधल्या गाण्याचा झगा, कोणाच्या भावाचा फुटबॉलचा सदरा. जमायरा नावाच्या एका मुलीनं मामाची सैन्यातली पँट आणली. मामा परत आला नव्हता, पँट आली होती. रेनिटानं खडूनं आकडे काढून दिले, आजीनं ते कापून चौकोनांवर शिवले. चार उलटा शिवला गेला, तो उसवून परत शिवला. दहा ओळी, ओळीत दहा चौकोन. दुपारची भांडी झाली की त्याच ओट्यावर माझं काम चालायचं, म्हणून मला अजून किंचित कांद्याचा वास येतो. शेवटचा चौकोन, शंभराचा, आजीनं आपल्या हिरव्या चौकड्यांच्या एप्रनचा केला. "शंभर झाले की जेवायला या," ती म्हणाली, "म्हणून तिथं माझा एप्रन."

मला वर्गाच्या मागच्या भिंतीवर टांगलं. पोरं माझ्यापाशी येऊन बोट ठेवून मोजायची. त्यांच्या तोंडी आकडे राहिलेच नाहीत, घरं आली. सात म्हणजे डगली. चौसष्ट म्हणजे आत्याचा झगा. "सहाच्या उड्या मारत मामाच्या पँटीवर ये," असं रेनिटा म्हणाली की जमायरा उड्या मारत अठ्ठेचाळीसवर यायची आणि तिथं थोडं थांबायची. वर्गात तिचं डोकं सगळ्यात हळू चालायचं. पण जिथं पोचायची तिथं पोचल्यावर हलायची नाही.

इथपर्यंत माझं आयुष्य सुखाचं होतं. पुढचं सांगताना माझी शिवण आजही ताणते.

राजधानीत बसलेल्या लोकांनी कायदा केला होता. दरवर्षी प्रत्येक शाळेची परीक्षा, आणि पोरांच्या गुणांवरून शाळेला एक अक्षर. ए सगळ्यात वरचं, एफ म्हणजे नापास. अक्षर वर्तमानपत्रात छापून यायचं. आमच्या शाळेला दोन वर्षं लागोपाठ एफ आला होता. तिसऱ्यांदा आला तर शाळेला कुलूप, आणि पोरं बसमध्ये घालून बावीस मैलांवरच्या मोठ्या शाळेत. सहा-सात वर्षांची लेकरं पहाटे साडेपाचला रस्त्यावर उभी राहणार.

मार्चमध्ये शाळेच्या जिममध्ये सभा भरली. मंचामागची भिंत उघडी दिसते म्हणून मला तिथं नेऊन टांगलं होतं, त्यामुळं सगळं माझ्या कानांवर आहे. राजधानीतून वेल्डन नावाचे एक साहेब आले होते. त्यांनी भिंतीवर रंगीत उभ्या पट्ट्या दाखवल्या. आमची पट्टी लाल आणि बुटकी होती.

"भावना मी समजतो," साहेब म्हणाले, "पण आकडे खोटं बोलत नाहीत."

मागच्या बाकावरनं आजीचा आवाज आला. "आकड्यांना तोंड कुठं आहे बाबा? सांगणाऱ्याला असतं."

जिम हसली. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झाले.

मग पेट्रोल पंपावरचा मोझेस उठला. "आमच्या पोरांना नाश्ता मिळत नाही, छत गळतंय, विज्ञानाला दोन वर्षं मास्तर नाही. ते कुठल्या पट्टीत बसवलंत साहेब?" टाळ्या पडल्या. वाटलं, सगळं गाव एका बाजूला आहे. तेवढ्यात जमायराची आई लॅट्रिस उभी राहिली.

"टाळ्या नंतर वाजवा," ती म्हणाली. "माझा थोरला याच शाळेतनं वर्षानुवर्षं पास होत गेला. सगळ्यांनी पाठ थोपटली. मग नोकरीचा अर्ज हातात आला, तर पोराला तो वाचता येईना. माझ्यासमोर रडला तो, एकोणीस वर्षांचा घोडा. कोणीतरी मोजायला हवंच होतं. मला शाळा बंद नकोय. पण मला खोटा पासही नकोय."

 रेनिटा पहिल्या रांगेत होती. तिनं वळून लॅट्रिसकडं पाहिलं, आणि मग बराच वेळ मान खाली घालून बसली. त्या थोरल्याला शिकवायला ती नव्हती, तरी तिची मान खाली गेली.

एप्रिल आला. परीक्षेच्या आठवड्याची रीत अशी, की वर्गातल्या भिंतीवर जे जे काही शिकवतं ते सगळं झाकायचं. नकाशे, अक्षरं, शब्द, घड्याळसुद्धा. वर्गात वेळ कळायची सोय नाही, उत्तर कळायची तर नाहीच. प्रत्येक बाईनं एका कागदावर सही करायची, की मी काही दाखवणार नाही, काही सांगणार नाही, आणि काही वावगं घडलं तर लपवणार नाही.

आदल्या दिवशी दुपारी रेनिटा मला झाकायला आली. तपकिरी कागदाचा मोठा गुंडाळा संपत आला होता. वरचा तुकडा पुरला, तो तिनं भिंतीला पक्का चिकटवला. खालच्या ओळीसाठी वेगळा तुकडा जोडावा लागला, आणि तो भिंतीपर्यंत पुरेना, म्हणून चिकटपट्टी माझ्याच अंगावर लावली.

आजी दारात उभी राहून बघत होती. "मेलेल्या माणसाचं तोंड झाकावं तशी झाकतेस गं."

"आजी, नको ना. असं बोलू नको."

"चिकटपट्टी कापडाला धरत नाही. टाचण्या लाव."

"भोकं पडतील. तुझ्या शिवणीला भोकं पाडू?"

"पाड की. मला चष्म्याशिवाय दिसायची नाहीत."

पण रेनिटानं टाचण्या लावल्या नाहीत. आजीच्या हातच्या कामाला टोचायला तिचं मन धजेना. दोन बोटांनी पट्टी दाबली, परत दाबली, आणि गेली.

मंगळवारी सकाळी वर्गात सतरा पोरं बसली. बाकं एकमेकांपासून लांब सारलेली. टोकदार पेन्सिली, पाण्याला परवानगी नाही. मी कागदामागं होते. श्वासांचा आवाज यायचा, खोडरबराचा यायचा, आणि वर लावलेल्या गार हवेच्या यंत्राचा घरघराट. त्या यंत्राचं तोंड थेट माझ्यावर होतं.

पट्टी सुटायला लागली ते सगळ्यात आधी मला कळलं. एक कोपरा. मग दुसरा. मला ओरडावंसं वाटलं, पण गोधडीनं ओरडायचं कसं? मी अंग आखडून घेतलं, जणू तेवढ्यानं कागद धरून राहील. राहिला नाही. खालचा तुकडा हळूच सुटला आणि लोंबायला लागला. एक्क्याण्णव ते शंभर, माझी शेवटची ओळ, उघडी पडली.

रेनिटा पुढच्या बाजूला होती. एका पोराच्या नाकातनं रक्त आलं होतं, त्याला कापूस देत होती. ती वळली तेव्हा दोन-तीन पोरांची तोंडं माझ्याकडं होती. तिनं पाहिलं.

तिचा चेहरा मी विसरणार नाही. ओठ पांढरे पडले. ती बाकांमधून चालत आली, धावली नाही, आणि तळहातानं कागद वर दाबून उभी राहिली. परीक्षा संपेपर्यंत तशीच, एक हात भिंतीला लावून. घामानं कागद ओला झाला. तिच्या हाताची नाडी माझ्या अंगावर ठोके देत होती.

पोरं जेवायला गेली आणि मुख्याध्यापक हॉलिस गेन्स सर आत आले. सर याच गावचे, याच शाळेत शिकलेले. हातात दुसरा एक कागद होता, परीक्षा संपल्यावर भरायचा. काही वावगं घडलं का, हो किंवा नाही.

"सर, हो लिहावं लागेल," रेनिटा म्हणाली, आणि कसं झालं ते सांगितलं.

सर आधी खुर्चीवर बसले. मग उठले. मग दार लावून घेतलं.

"किती वेळ उघडं होतं?"

"माहीत नाही. घड्याळही झाकलेलं होतं."

"एक ओळ! एक्क्याण्णव ते शंभर! त्या पेपरात शंभराजवळ जाणारं एक तरी उत्तर होतं का?"

"मला कसं कळणार? प्रश्न बघायचे नाहीत म्हणून सही केलीय."

"रेनिटा, ऐक माझं." सरांचा आवाज खाली आला. "तू हो लिहिलंस तर हे सतरा पेपर रद्द. फेरपरीक्षा द्यायची की नाही हे त्यांच्या मर्जीवर. नाही दिली तर सतरा शून्यं. सतरा शून्यं म्हणजे एफ. आणि एफ म्हणजे हे दार, ही बाकं, तुझ्या आजीचं स्वयंपाकघर, सगळं गेलं. एका चिकटपट्टीपायी."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर काही झालंच नाही."

"तीन पोरांनी बघितलंय सर. त्यांना काय सांगू? की झालंच नाही?"

तेवढ्यात कोपरानं दार ढकलून आजी आत आली. हातात झाकलेलं ताट होतं. नात जेवायला आली नाही म्हणून आणलेलं. तिनं दोघांची तोंडं पाहिली, लोंबणारा कागद पाहिला.

"पट्टी सुटली," ती म्हणाली. विचारलं नाही.

"आजी, तुम्हीच सांगा हिला," सर म्हणाले. "तुमचं ऐकेल ती."

"हॉलिस, तू दुसरीत असताना माझी बिस्किटं पळवायचास, आणि तोंडाला साखर लागलेली असताना नाही म्हणायचास. तेव्हापासून तुझं हे नाही मला ठाऊक आहे." आजीनं ताट बाकावर ठेवलं आणि छोट्या खुर्चीत कशीबशी बसली. "मी एकदा परीक्षा दिलीय. बावीस वर्षांची होते. मत द्यायला नाव नोंदवायचं होतं, आणि आम्हा काळ्या लोकांना त्यासाठी परीक्षा द्यावी लागायची. तर खिडकीतल्या गोऱ्या कारकुनानं गोड गोळ्यांनी भरलेली बरणी पुढं ठेवली. म्हणाला, आत किती आहेत सांग. मी म्हटलं, तुम्हीच सांगा किती आहेत. तो म्हणाला, मला काय माहीत? पण तुझं चुकलंय."

आजीनं ताटावरचं फडकं काढलं.

"त्या दिवसापासून मी मोजायला शिकले. कापडाचे तुकडे मांडून. मला त्या माणसाचा राग काय म्हणून आहे ठाऊक आहे? त्याला माहीत नव्हतं म्हणून नाही. माहीत नसताना त्यानं तोंड वर करून कागदावर लिहिलं म्हणून."

"मग हो लिहू?" रेनिटानं विचारलं. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"मी काय सांगू? शाळा गेली तर माझंही घर गेल्यासारखंच आहे. पण पेन माझ्या हातात नाही, तुझ्या आहे." आजी उठली. "पाव गार झाला की चिवट होतो. खाऊन घे."

ती गेली. सर खिडकीशी उभे होते. रेनिटानं पेन उचललं, पण लगेच लिहिलं नाही. मैदानात पोरांचा गलका चालला होता. मग ती हळूच, जणू स्वतःशीच, म्हणाली, "लॅट्रिसला खोटा पास नकोय, सर." आणि तिनं लिहिलं. वेळेच्या जागी काय लिहिलं ते तिनं मोठ्यांदा म्हटलं, म्हणून मला कळलं: "घड्याळ झाकलेलं असल्यामुळे सांगता येत नाही."

सरांनी तो कागद घेतला. ते चिडतील असं वाटलं. त्यांनी फक्त घडी घातली आणि चेहरा दोन्ही हातांनी चोळला.

 गुरुवारी राजधानीहून एक बाई आल्या. प्रूइट बाई. गळ्यात ओळखपत्र, तोंडात पुदिन्याची गोळी, हातात कुलूपबंद खोकं. सतरा पेपर रद्द केल्याचं त्यांनी सांगितलं. फेरपरीक्षा मिळेल, एकच, आजच, नव्या पेपरावर, त्यांच्या डोळ्यांसमोर. रेनिटानं वर्गाबाहेर थांबायचं.

"आणि ते," त्यांनी माझ्याकडं बोट केलं, "खाली काढा."

मला उतरवलं. आकडे आत येतील अशी घडी घातली. पण मला ठेवायचं कुठं? बाहेर न्यायचं तर नियमानं मी पुरावा होते, नजरेआड करता येईना. कपाटाला कुलूप नव्हतं. शेवटी प्रूइट बाईंनी मला खुर्चीवर ठेवलं आणि वर बसल्या. दोन तास. माझी एक कड खाली लोंबत होती, तेवढ्यातून मी बघत होते.

भिंत मोकळी होती. मी वर्षभर टांगलेली होते, म्हणून तिथं भिंतीचा रंग मूळचा राहिला होता, फिकट पिवळा चौकोन. बाकी काही नाही. चार खिळे.

पेपर वाटले गेले. पहिला अर्धा तास नुसती पेन्सिलींची खसखस. मग जमायराची पेन्सिल थांबली. तिनं मान वळवली आणि मागच्या भिंतीकडं बघायला लागली.  पोरी, मी तिथं नाही गं. मी इथं आहे, या बाईंच्या खाली.

ती बघतच राहिली. मग तिचं बोट बाकावरनं जरासं उचललं आणि हवेत हलायला लागलं. एक उडी. दुसरी. ओळ संपली की बोट खाली यायचं आणि डावीकडं जायचं. सहा, बारा, अठरा. मला आत घडीत माझे चौकोन एकेक करून जाणवत होते. छत्तीस. बेचाळीस. अजून एक उडी, आणि बोट थांबलं. मी ते ठिकाण ओळखलं. ती मामाच्या पँटीवर होती.

तिनं वळून उत्तर लिहिलं.

मग दुसऱ्या पोरानं मान वळवली. मग तिसऱ्यानं. थोड्या वेळानं बघावं तर सात-आठ पोरं रिकाम्या भिंतीकडं बघत बोटं हलवतायत. प्रूइट बाई ताठ झाल्या. मला वरनं कळलं, त्यांचं सगळं वजन पुढं आलं. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या. तो फिकट चौकोन हातानं चाचपला. नखानं खरवडला. खिळ्यांना हात लावून पाहिला. चष्मा काढून, तिरकं होऊन उजेडात पाहिलं. काही नव्हतं.

परत येऊन त्या माझ्यावर बसल्या आणि वहीत लिहायला लागल्या. बाहेर दाराच्या काचेतनं रेनिटाचं अर्धं तोंड दिसत होतं. तिनंही ते लिहिणं पाहिलं असणार. त्या चार ओळींवर आमची शाळा टिकून होती. बाई लिहायच्या थांबल्या. गोळी दाढेखाली कडकन फोडली. पान फाडलं, चुरगळलं, आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

पेपर गोळा झाले, खोक्याला कुलूप लागलं, तेव्हा त्यांनी जमायराला जवळ बोलावलं. "बाळ, आता परीक्षा संपली. मागं काय बघत होतीस?"

"मामाची पँट," जमायरा म्हणाली.

"कुठं आहे ती?"

"तुम्ही तिच्यावरच बसलाय."

प्रूइट बाई अशा उठल्या की खुर्ची मागं पडली. पोरं खिदळली. बाईंचे ओठही हलले, पण त्यांनी ते आवरले.

पण नियम तो नियम. जे उघडं पडलं होतं ते अहवालाला जोडायचं होतं. रेनिटा म्हणाली, फोटो पाठवते. बाई म्हणाल्या, "मूळ वस्तू, असं लिहिलंय." त्यांचा आवाज जरा ओशाळला होता. "सगळी नको. फक्त उघडी पडलेली ओळ." आणि त्यांनी टेबलावरची कात्री उचलली.

"ती ठेवा खाली," आजी दारातनं म्हणाली. एप्रनला हात पुसत ती आत आली, चष्मा लावला, खिशातनं सुई काढली. "कापू नका. मी उसवते. शिवलेलं कसं सुटतं ते शिवणारीलाच ठाऊक असतं."

एकेक टाका तिनं सोडवला. मला दुखलं नाही. कोणाचा हात आहे यावर ते असतं. दहा चौकोनांची पट्टी वेगळी झाली. शंभराच्या हिरव्या चौकड्यांवर आजीनं एकदा अंगठा फिरवला आणि पट्टी पाकिटात घातली.

"पावती द्या," ती म्हणाली.

"कसली?"

"दहा आकडे नेताय. नेले म्हणून लिहून द्या. मी वाचून घेईन कोणाकडनं तरी."

प्रूइट बाईंनी लिहून दिलं. रेनिटानं वाचून दाखवलं: "कापडाचे तुकडे, दहा, आकड्यांसह." ती पावती आजीनं माझ्या मागच्या अस्तरात शिवून टाकली. अजून आहे.

ऑगस्टमध्ये अक्षर आलं. गेन्स सर कागद हातात घेऊन पळत आले, टाय खांद्यावर. डी. दीड गुणानं. एफ नव्हे.

रेनिटानं कागद हातात घेऊन दोनदा वाचला. लॅट्रिस पोरीला शाळेत सोडायला आली होती, तिनं बातमी ऐकली. "डी म्हणजे काही नाचायची गोष्ट नाही," ती म्हणाली. मग रेनिटाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पण खरा आहे ना? मग चालेल. पुढच्या वर्षी सी आणा." जमायराला पन्नासात एकतीस होते. एक महिना तिनं ते दिसेल त्याला सांगितलं.

रेनिटाला मात्र राजधानीहून ताकीद आली. एक वर्ष परीक्षेच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. त्या वर्षी ती परीक्षेभर बाहेर व्हरांड्यात उभी राहिली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. परीक्षेचं नाव तीनदा बदललं. वेल्डन साहेबांच्या जागी दुसरे आले, त्यांच्या पट्ट्या उभ्या नाहीत, गोल आहेत. आजी तीन हिवाळ्यांपूर्वी गेली. शेवटपर्यंत विचारायची, "माझा एप्रन आला का गं परत?" रेनिटानं चार पत्रं लिहिली. उत्तर एकदाच आलं, की वस्तू सुरक्षित आहे.

मी त्याच भिंतीवर आहे. नव्वदपर्यंतच आहे. खालच्या कडेला दोरे लोंबतात. कोणी म्हणालं, नवी ओळ शिवून लावा. रेनिटा नको म्हणाली, आणि का ते मला पोरांनीच दाखवलं. पोरं माझ्यावर बोट ठेवत येतात, ऐंशी, नव्वद, माझी कड संपते, आणि बोट थांबत नाही. ते उघड्या भिंतीवर उतरतं. एक्क्याण्णव, ब्याण्णव, प्रत्येकाची जागा ठरलेली. शेवटी उजव्या कोपऱ्यात बोट दाबून ओरडतात, "शंभर, जेवायला चला!" ज्यांनी आजीला पाहिलंही नाही तीसुद्धा. वर्षानुवर्षं बोटं लागून तिथं दहा काळे डाग पडलेत. सुट्टीत भिंतीला रंग देतात. नाताळपर्यंत डाग परत येतात.

या एप्रिलमध्ये तपासणीला नवा माणूस आला होता, तरणाबांड, हातात यादी. मला झाकलेलं त्यानं पाहिलं. आता रेनिटा टाचण्या लावते, माझ्या कडेला भोकांची रांग झालीय. मग त्याची नजर खाली गेली. डागांपाशी तो वाकला. मोजले. यादी पाहिली. परत मोजले.

"बाई," तो म्हणाला, "हेही झाकावं लागेल."

रेनिटा कपाटाकडं गेली. कागदाचा गुंडाळा आणला, आणि उघड्या भिंतीलाही कागद लावला.

तर राजधानीत कुठल्या कपाटात एक पाकीट असेल, त्यात दहा चौकोन, शेवटचा हिरव्या चौकड्यांचा, तर ज्याच्या हाती लागेल त्यानं ते परत पाठवा. पावती माझ्याकडं आहे. घाई नाही. पोरं तोवर भिंतीवर मोजतायत. फक्त पाकीट उघडलंत तर एकदा वास घेऊन बघा. कांद्याचा येईल.